कुंकळ्ळीची विहीर आणि क्रिस्तपुराण
फादर थॉमस स्टीफन्स, येशूसंघीय (१५४९–१६१९) : एक जीवनकथा

पुण्य सप्ताहात आपल्या चर्चमधून होणारी प्रवचने बहुधा दोन टोकांची असतात. शुक्रवारी क्रूसापुढे डोळे ओले होतात. शनिवारी रात्री पास्काची मेणबत्ती पेटली की शुक्रवार जणू घडलाच नाही, अशा थाटात आपण आनंद करू लागतो. ज्या घरात त्याच वर्षी मृत्यू झालेला आहे किंवा ज्याचे उभे पीक करपून गेले आहे, अशा श्रोत्याला तो आनंद परका वाटतो आणि तो मागच्या बाकावरून मुकाट्याने घरी जातो. क्रूस आणि रिकामी कबर यांच्यामधले अंतर श्रोत्याच्या बरोबरीने कसे चालावे, हा प्रवचनकारापुढचा खरा प्रश्न आहे. मराठी भाषेत या प्रश्नाला सर्वांत आधी आणि सर्वांत विस्ताराने हात घालणारे धर्मगुरू मराठी नव्हते, भारतीयही नव्हते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या त्यांच्या ओव्या मराठी भाषा दिनाला हमखास आठवल्या जातात. परंतु ज्या जीवनातून ते पुराण निर्माण झाले, ते जीवन फारसे कोणी सांगत नाही.

थॉमस यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करीत. तो काळ कॅथलिक श्रद्धेच्या माणसाला सोपा नव्हता. राणी एलिझाबेथ यांच्या राजवटीत मिस्सा साजरी करणे हा अपराध ठरला होता आणि परदेशी जाऊन धर्मगुरू होणे म्हणजे मायदेशाचे दार आपल्या हाताने कायमचे बंद करून घेणे होते. तरुण थॉमस यांची मैत्री जडली ती थॉमस पाउंड या श्रीमंत गृहस्थाशी. हे पाउंड पूर्वी राणीच्या दरबारात वावरलेले; पुढे दरबार सोडून ते प्रार्थना व दानधर्म यांत रमले. दोघे मिळून देशभर फिरत आणि संशय येऊ नये म्हणून थॉमस हे पाउंड यांचे नोकर असल्याची बतावणी करीत. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरवले होते. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली.

थॉमस एकटेच रोमला पोहोचले. ऑक्टोबर १५७५ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या नवदीक्षितालयात प्रवेश केला. तेथे गेल्यावर त्यांनी मित्रासाठी एकच खटपट केली : तुरुंगात असलेल्या पाउंड यांना येशूसंघात प्रवेश मिळावा, यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि १५७८ साली तो प्रवेश पत्राद्वारे मिळाला. एक मित्र अंधारकोठडीत राहून येशूसंघीय झाला, दुसरा समुद्रापलीकडे जाऊन. हे दोघे पुन्हा भेटले नाहीत. विरहाचे दुःख स्टीफन्स यांना गोव्यात आल्यावर कळले असे नाही; ते येताना बरोबर घेऊन आले होते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजांचा ताफा निघाला. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि उकाड्यात अन्नपाणी नासू लागले. पुढे स्कर्व्हीने खलाशांच्या हिरड्या सुजल्या, पाय सुजले. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. त्या काळच्या हिशेबाने हे नुकसान थोडके मानले गेले. सहा महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. भारतात येऊन राहिलेल्या व ज्यांच्याविषयी निश्चित माहिती मिळते अशा पहिल्या इंग्रजांत त्यांची गणना होते. प्रवासाचे वर्णन करणारे एक लांबलचक पत्र त्यांनी थोड्याच दिवसांत वडिलांना लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि व्यापाऱ्यांनी आवडीने वाचले. मुलगा आत्म्यांच्या शोधात गेला होता. वाचणाऱ्यांना त्यात मिरीचा मार्ग दिसला, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

१५८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. (मुंबईजवळचीही साष्टी आहे; ही गोव्यातली, मडगाव-राचोलकडची.) मधली काही वर्षे वगळता त्यांचे उरलेले सारे आयुष्य याच प्रदेशात गेले.

साष्टीत त्या वेळी काय चालले होते, हे सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही आणि ते झाकून ठेवणे आपल्या श्रद्धेला शोभणारेही नाही. १५६७ साली पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी साष्टीतील शेकडो देवळे पाडली होती. लोकांच्या उपासनेवर, उत्सवांवर, धर्मग्रंथांवर बंदी आली होती. दक्षिणेकडील कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, आंबेली आणि वेळ्ळी ही पाच गावे याला विरोध करीत राहिली, कर देण्याचे नाकारीत राहिली. त्यांच्यावर पुन्हा पुन्हा सैनिक पाठवले गेले, घरे जाळली गेली, देवळे मोडली गेली. अशा मोहिमांत सैनिकांबरोबर येशूसंघीयांपैकी काही जणही होते, हे इतिहासात नोंदलेले आहे.

१५ जुलै १५८३ रोजी पाच येशूसंघीय काही ख्रिस्ती लोकांना घेऊन कुंकळ्ळीला गेले. चर्च कोठे बांधावे याची जागा पाहावी आणि क्रूस उभारावा, असा त्यांचा विचार होता. त्यांचे प्रमुख फादर रुदोल्फ आक्वाविवा अवघे बत्तीस वर्षांचे होते. इटलीच्या एका सरदार घराण्यातले हे तरुण नुकतेच फत्तेपूर सिक्रीहून, अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. गावकऱ्यांनी या सर्वांना घेरले आणि शस्त्रांनी ठार केले. पाचही येशूसंघीय मेले आणि त्यांच्याबरोबरचे अनेक स्थानिक ख्रिस्ती लोकही मेले. मृतदेह एका विहिरीत टाकण्यात आले.

ते मृतदेह मिळवून, विहिरीबाहेर काढून राचोलला आणण्याच्या आणि त्यांचे दफन करण्याच्या कामात फादर स्टीफन्स यांचा पुढाकार होता. ते तेव्हा चौतीस वर्षांच्या आसपास होते. गोव्यात येऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती. ज्यांच्याबरोबर ते एका छताखाली राहिले, एका मेजावर जेवले, त्यांची पावसाळ्याच्या पाण्यात भिजलेली शरीरे त्यांनी पाहिली. येशूच्या शिष्यांपैकी कोणी प्रभूचे शरीर क्रूसावरून उतरवले नाही. अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम यांनी ते काम केले. शिष्य पळाले होते. फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला योसेफाचे काम आले. शवाला तेल लावणाऱ्या, कफन गुंडाळणाऱ्या माणसाला पुनरुत्थानाविषयी बोलणे कठीण जाते, कारण मरण म्हणजे काय हे त्याच्या हातांना ठाऊक असते.

या प्रकरणाचा शेवट तेथे झाला नाही. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्या गावांच्या नायकांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि विश्वासघाताने त्यांची कत्तल केली. ख्रिस्तसभेने १८९३ साली, पोप तेरावे लिओ यांच्या कारकिर्दीत, पाच येशूसंघीयांना धन्य घोषित केले. त्यांच्या धैर्याबद्दल व श्रद्धेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या नायकांच्या घरांतही बायकामुले होती, त्यांच्याही अंगणात आक्रोश झाला. प्रस्तुत लेखकाला वाटते की कुंकळ्ळीचे स्मरण करताना एकाच बाजूचे मृत मोजणे, हे क्रूसाच्या पायथ्याशी उभे राहून एकाच बाजूला पाहण्यासारखे आहे.

फादर स्टीफन्स यांनी या घटनेनंतर काय केले? ते परत गेले नाहीत आणि त्यांनी बदली मागितली नाही. त्याच साष्टीत राहून ते लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच १५८३ सालच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. भारतातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी आहे, हे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. विल्यम जोन्स यांच्या प्रसिद्ध भाषणाच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. विहिरीची घटना होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ज्या लोकांनी आपले सोबती मारले, त्यांच्या भाषेचे सौंदर्य पाहण्याइतके त्या माणसाचे डोळे स्वच्छ राहिले होते. क्षमा या शब्दाचा अर्थ शोधताना मला हे पत्र एखाद्या प्रवचनापेक्षा अधिक उपयोगी वाटते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती अशा चार इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्यात आणले गेले आणि तुरुंगात टाकले गेले. ते ज्या राणीचे प्रजाजन होते, तिच्याच राज्यात पाउंड तुरुंगात खितपत होते. दोनच वर्षांपूर्वी, १ डिसेंबर १५८१ रोजी, येशूसंघीय एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्ये देहान्ताची शिक्षा झाली होती. फादर स्टीफन्स यांनी या चौघांना जामीन मिळावा म्हणून धडपड केली आणि ते सुटले. पुढे फिच गोव्यातून निसटून भारतभर फिरले, घरी परतले आणि त्यांची माहिती ईस्ट इंडिया कंपनी स्थापन करणाऱ्यांच्या कामी आली. त्याचे परिणाम काय झाले ते आपण जाणतोच. परंतु जामिनासाठी धावणाऱ्या धर्मगुरूला त्याची काय कल्पना!

वर्षे जात राहिली. साष्टीतील नवख्रिस्ती लोक रविवारी दुपारी धर्मशिक्षणासाठी जमत. त्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून काढून घेतली होती, ती वाचण्यास बंदी होती. संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐकायचे काय? क्रिस्तपुराणाच्या आरंभीच हा प्रसंग येतो : एक जण पाद्रीगुरूंपुढे आपली अडचण मांडतो की जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, तर तशाच प्रकारचे दुसरे काही आम्हांला द्या. या मागणीत विनंती आहे, तशीच एक तक्रारही आहे. मला तर ती मोठी धीट मागणी वाटते. आमचे काय गेले ते तुम्हांला कळते का, असेच जणू तो माणूस विचारीत आहे. फादर स्टीफन्स यांनी त्याला दटावले नाही. त्यांनी त्याच्यासाठी पुराण रचले.

येथे आम्हा गोदाकाठच्या वाचकांनी थोडे थांबावे. पडेगावाहून पैठण काही फार दूर नाही. आमच्या औरंगाबाद धर्मप्रांतातलेच ते गाव. फादर स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा संत एकनाथ पैठणला हयात होते. त्यांचे भागवत १५७३ साली पूर्ण झाले होते आणि कुंकळ्ळीच्या घटनेच्या दुसऱ्याच वर्षी, १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. या दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही. परंतु क्रिस्तपुराणाची ओवी हातात घेतली की ती कोणत्या टाकसाळीतली आहे हे कानाला लगेच कळते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांचा संस्कार तिच्यावर आहे, असे अभ्यासक सांगतात. गोदावरीच्या काठी घडलेले छंदाचे पात्र त्या इंग्रज धर्मगुरूने उचलले आणि त्यात सुवार्ता भरली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द निःसंकोचपणे वापरला. भाषा मराठी ठेवली, पण साष्टीतील सामान्य माणसाला कळावी म्हणून तिच्यात कोकणी शब्द मिसळले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय आहेत आणि त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वरूंतून प्रभू येशूचे चरित्र येते : जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान. एकूण ओव्या १०,९६२. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नये. परक्या भाषेत दहा हजार ओव्या रचायच्या, त्याही मिस्सा, कबुलीजबाब, आजाऱ्यांच्या भेटी आणि वरिष्ठांची कामे सांभाळून!

पास्काच्या दृष्टीने या रचनेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. येशूसंघीय धर्मगुरू संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेत घडतो. या साधनेचे चार आठवडे असतात. तिसरा आठवडा प्रभूच्या दुःखसहनाचा आणि चौथा पुनरुत्थानाचा. तिसऱ्यातून चौथ्यात उडी मारता येत नाही. साधकाने क्रूसाखाली थांबायचे, कबरेपाशी थांबायचे, माता मरियेच्या एकाकीपणात थांबायचे आणि मगच पहाट पाहायची. चौथ्या आठवड्याचे पहिले ध्यान असते ते पुनरुत्थित येशू आपल्या मातेला दर्शन देतो याचे. शुभवर्तमानांत हा प्रसंग लिहिलेला नाही. परंतु जिने सर्वांत जवळून दुःख पाहिले तिला सर्वांत आधी सांत्वन मिळाले असणार, हे इग्नाती यांचे मन त्यांना सांगत होते. पुनरुत्थित येशूचे पहिले काम सांत्वन करण्याचे आहे. मित्र मित्राचे सांत्वन करतो तसे तो करतो.

फादर स्टीफन्स यांच्या पुराणाचा ओघही असाच आहे. ते दुःखसहनाच्या कथेत रेंगाळतात, घाई करीत नाहीत. शुभवर्तमानांतील पुनरुत्थित प्रभू आपल्या जखमा पुसून येत नाही. थोमाला तो हातांच्या खुणा दाखवतो, कुशीवरची जखम दाखवतो. अम्माऊसच्या वाटेवर तो निराश झालेल्या दोघांबरोबर प्रथम चालतो, त्यांचे रडगाणे ऐकून घेतो, आणि भाकर मोडतो ती संध्याकाळी. विहिरीतून सोबत्यांचे देह काढलेल्या आणि मित्राला तुरुंगात सोडून आलेल्या माणसाने या कथा साष्टीतील लोकांना सांगितल्या. त्या लोकांनीही जाळलेली घरे पाहिली होती. सांगणारा आणि ऐकणारे यांच्यात रक्त सांडलेले होते. अशा ठिकाणी पुनरुत्थान हे विजयाचे नगारे वाजवून सांगता येत नाही. ते रात्रीच्या वेळी, दिव्याच्या उजेडात, ओवीच्या संथ लयीत सांगावे लागते.

ग्रंथ नागरी लिपीत छापावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. डिसेंबर १६०८ मध्ये त्यांनी येशूसंघाचे सर्वाधिकारी फादर क्लाउदियो आक्वाविवा यांना पत्र लिहून या लिपीचे खिळे पाडण्यासाठी साह्य मागितले. (हे क्लाउदियो म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फ यांचे काका.) मराठी अक्षरे, जोडाक्षरे, काने-मात्रे मिळून शेकडो खिळे लागत, ते काम झाले नाही. अखेर १६१६ साली राचोल येथील येशूसंघाच्या विद्यालयात ग्रंथ रोमन लिपीत छापून झाला. कुंकळ्ळीच्या घटनेला तेव्हा ३३ वर्षे झाली होती. प्रभू येशूच्या ऐहिक आयुष्याची वर्षे परंपरेने तितकीच मानली जातात. योगायोग आहे, परंतु धर्मगुरूच्या नजरेतून तो सुटत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे देहावसान झाले. ते सुमारे सत्तर वर्षांचे होते आणि त्यांतील चाळीस वर्षे त्यांनी याच भूमीत घालवली होती. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही. त्यांनी कोकणीत लिहिलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये छापले गेले. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापले गेलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

क्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये ते वाचले जाई, गायले जाई. मग वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. ज्या भाषेवर त्या धर्मगुरूने इतका जीव लावला होता, तीच भाषा आता सत्तेला नकोशी झाली. छापील प्रती नाहीशा झाल्या. परंतु गोव्यातून मंगळूरच्या बाजूला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला उतरून घेतल्या आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली जोसेफ सालदान्हा यांनी मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. १९२०च्या दशकात अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडन संग्रहात याच ग्रंथाचे नागरी लिपीतले हस्तलिखित आढळले. फादर स्टीफन्स यांना खिळ्यांअभावी जे साधले नाही, ते कोणा अनाम लेखनिकाने बोरूने साधले होते. आज आपण जे क्रिस्तपुराण वाचतो ते या हातांनी राखलेले आहे. १६१६ सालच्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही.

ज्यांना ग्रंथ प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांच्यासाठी शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली नागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली आणि फादर कारिदाद द्राग यांची आवृत्ती १९९६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. भाषा जुनी आहे. पहिली दहा-वीस पाने अडखळायला होते. एकट्याने मनात वाचण्यापेक्षा घरात एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, म्हणजे ओवी आपोआप उलगडते. आरंभ दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाच्या भागापासून केला तरी चालेल. मात्र क्रूसापाशी पुस्तक मिटून ठेवू नये, आणि तेथली पाने वगळून पुढेही जाऊ नये.